आचाऱ्याचा डावा पाय

मी एक जुना पाय आहे. दचकू नका मित्रांनो, मी जन्माने पाय नव्हे, कार्यशाळेत घडवलेला आहे. माझा मालक सैन्यात आचारी होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि त्या रिकाम्या जागेवर माझी नेमणूक झाली. एरवी मी स्वभावाने शांत. पण गेल्या काही महिन्यांत जे ऐकले आणि पाहिले, त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. मला मस्तक नाही, हे मला ठाऊक आहे. आग मात्र खरी आहे.

सैनिकी दवाखान्याच्या मागच्या कार्यशाळेत माझा जन्म झाला. तिथल्या कारागिराने आचाऱ्याच्या उरलेल्या पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा काढला, त्यावरून माझी वरची वाटी घडवली, खाली नळी जोडली आणि टोकाला रबराचे पाऊल बसवले. नवा पाय लावला की दोन दांड्यांच्या मधून, त्या धरधरून चालायचे असते. आचाऱ्याने दांड्यांना हात लावला नाही. त्याने पाण्याने भरलेले पातेले मागवले, दोन्ही हातांनी उचलले आणि माझ्यावर भार टाकून निघाला. निम्मे पाणी फरशीवर सांडले.

"अहो, आधी नुसतं चालायला तर शिका," कारागीर वैतागून म्हणाला.

"नुसतं चालून काय करू? पातेलं पोचलं पाहिजे," आचारी म्हणाला.

पातेले पोचवतानाच तर त्याचा पाय गेला होता. डोंगरावरच्या चौकीतली मंडळी कोरडे खाऊन कंटाळली होती, बर्फाने रस्ता खचला होता. हा 'नाही' म्हणाला असता तरी कुणी त्याला बोल लावला नसता. पण गरम जेवणाची भांडी गाडीत चढवून हा निघाला आणि गाडी दरीत गेली. थंडी इतकी होती, की शत्रूसुद्धा त्या दिवशी गोळी झाडायला बाहेर पडला नव्हता.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून एका वसतिगृहाचे स्वयंपाकघर सांभाळले. दिवसभर चुलीपुढे उभे राहायचे काम, पण मी कधी कुरकुरलो नाही. तोही मला परके मानत नसे. दोन्ही बुटांना सारखेच पॉलिश, आणि माझा मोजा रोज बदलायचा.

"त्या पायाला घाम तरी येतो का?" त्याची बायको चिडवायची.

"नसेल येत. त्याला वाईट वाटायला नको," तो म्हणायचा.

माणसाचा उरलेला पाय वयाप्रमाणे सुकत जातो. वाटी सैल होते, घासते, जखम होते. मग आम्ही कार्यशाळेत जायचो आणि कारागीर नवी वाटी करून द्यायचा. तिथे सगळे माजी सैनिक बाकावर शेजारी शेजारी बसत. कोण कसा जखमी झाला, हे कुणी विचारत नसे.

आणि मग ते विधेयक आले. एका सकाळी बायकोने वर्तमानपत्रातून वाचून दाखवले. यापुढे कार्यशाळेत फक्त शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांनाच जागा. बाकीचे म्हणजे 'अपघातग्रस्त', त्यांनी आपले आपण बघावे. मित्रांनो, बसतो का तुमचा विश्वास? माझी वाटी तेव्हाच सैल झाली होती आणि आचारी दोन दोन मोजे घालून कसेबसे भागवत होता. नवी वाटी नाही मिळाली, तर हा माणूस कायमचा खाटेला खिळणार. ज्याने ते वाक्य लिहिले, त्याला एक दिवस माझ्यावर उभे करायला हवे होते.

माजी सैनिकांचे म्हणणे ऐकायला सरकारने एक समिती नेमली. सुनावणी ठेवली तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. आमच्यापैकी काही जण कठड्याला धरून चढलेही असते. पण चाकाच्या खुर्चीतल्या सोबत्यांना खाली सोडून वर जाणे त्यांच्यापैकी कुणाच्याच अंगवळणी नव्हते. समितीने खाली यावे, असा निरोप धाडला. वरून उत्तर आले, की ज्यांना जमेल त्यांनी वर यावे, समितीला वेळ कमी आहे.

तेव्हा आमच्यातल्या एका रणगाडेवाल्याचे डोके फिरले. त्याचा पाय शत्रूच्या सुरुंगात गेला होता, म्हणजे नव्या कायद्यातही त्याची जागा पक्की होती. तोच पायरीवर बसून आपल्या पायाचे पट्टे सोडू लागला.

"आम्ही नाही, तर पाय जाऊ देत वर," तो आचाऱ्याच्या बायकोला म्हणाला. "वहिनी, घेऊन जा हा."

बघता बघता सगळ्यांनी पट्टे सोडले. सोबत आलेल्या बायका-लेकींनी आम्हा पायांना काखेत मारले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी आचाऱ्याशिवाय जिना चढलो.

समितीच्या लांब टेबलावर आम्हाला ओळीने मांडले गेले. कागद बाजूला सरकले, चहाचे कप उचलले गेले.

"साहेब, यातले शत्रूनं नेलेले कुठले आणि अपघातात गेलेले कुठले?" आचाऱ्याची बायको म्हणाली. "तुम्हीच वेगळे करा."

अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेका पायावरून नजर फिरवली. मग नेमके मलाच उचलले. माझ्या नळीवरचे पोचे आणि चिरलेली वाटी ते हाताने चाचपत राहिले.

"हा तरी नक्की लढाईतला असणार," ते हळूच म्हणाले. "किती सोसलंय यानं."

"तो आमच्या ह्यांचा आहे," ती म्हणाली. "चौकीवर जेवण नेताना गाडी दरीत गेली. तुमच्या कायद्यात तो बसत नाही."

एवढे बोलून ती वळली आणि तिच्यामागे सगळ्या बायका खाली निघून गेल्या. आम्ही तिथेच टेबलावर राहिलो. आता आम्हाला परत नेणार कोण? शेवटी समितीची मंडळीच उठली. भारी कपड्यांतली ती माणसे एकेक पाय कवटाळून तीन जिने उतरली. अध्यक्षांनी मला आचाऱ्यापुढे धरले, पण लावायचे कसे, ते काही त्यांना कळेना.

"द्या इकडे," आचारी म्हणाला. "आणि बसा. आता सांगतो, वर काय सांगायचं होतं ते."

ते पायरीवर बसले आणि त्यांनी ऐकून घेतले. पण मित्रांनो, विधेयक अजून मागे घेतलेले नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कदाचित कायदेही कराल. तेव्हा जखमी माणसाला कुणी पाडले, हे विचारण्याआधी तो कुणासाठी निघाला होता, एवढे विचारा. माझी वाटी अजून सैलच आहे, आणि आचारी रोज सकाळी माझ्यावरच उभा राहतो.