कधीच न भरणारा खड्डा

या, चटई जरा अलीकडं ओढून बसा. एक गोष्ट सांगतो. जेवण अजून व्हायचं असेल तर उरकून या. ऐकल्यावर घास उतरायचा नाही.

डोडोमा शहराच्या पश्चिमेला, बाहीच्या दलदलीकाठच्या एका गावात सेचेलेला मीठ काढायची. दलदल आटली की खारी माती खरवडायची, बुडाला भोकं पाडलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरायची, वरून पाणी सोडायचं आणि खाली ठिबकलेलं खारट पाणी मडक्यात आटवायचं. मातीला जीभ लावल्याशिवाय तिनं कधी पाटी उचलली नाही. तिच्या जिभेला गावात मान होता. त्याच जिभेवरून निघणाऱ्या शब्दांना गाव भ्यायचं.

त्या वर्षी पावसानंतर दोनच महिन्यांत हापशाचं पाणी वास मारू लागलं. आधी सकाळची पहिली बादली तेवढी. मग सगळंच. पाण्यावर चरबीचा तवंग, भाकरीच्या पिठाला कुजक्या आतड्याचा दर्प. तिच्या लेकीचं, वेंडोचं, सात महिन्यांचं पोर हगून हगून चिपाड झालं. चर्चमध्ये येरेमिया मास्तर तंतुवाद्य छेडत प्रवचन गायचा; ते ऐकून उपाशी माणसालाही ढेकर यावा, असा देवानं दिलेला गळा. त्या रविवारी कडव्याच्या मध्येच त्यानं घोटभर पाणी घेतलं आणि तोंडावर हात दाबून तो दाराबाहेर पळाला. ते कडवं अर्धंच राहिलं. दुसरं पाणी म्हणजे दलदलीतलं, तेही खारट. गाव पिणार काय?

हापशाच्या वरच्या अंगाला मासिंगाचा कत्तलीचा ओटा होता. मासिंगा गावचा अध्यक्ष, सेचेलेलाच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. दर गुरुवारी, गुरांच्या बाजारादिवशी, पंधरा-वीस शेळ्या आणि दोन-तीन बैल तिथं कापले जात. रक्त, शेण, आतड्यांतला लेंदा, सगळं ओट्याखालच्या खड्ड्यात धुऊन जाई. पाच वर्षांत तो खड्डा एकदाही भरला नव्हता. मासिंगा पाहुण्यांना मुद्दाम तिथं नेऊन दाखवायचा आणि देवाची देणगी म्हणायचा. माश्यांचा थर उठायचा, पाहुणे नाक धरायचे.

सेचेलेला त्याच्याकडं गेली तेव्हा तो हाड चोखत बसला होता. खड्ड्यातली घाण हापशात उतरते, हे तिचं बोलणं त्यानं हसण्यावारी नेलं.

"वैनी, मधी दीडशे पावलं वाळू हाय. वाळू पानी गाळती, तुझ्या तुंब्यावानी. आन् हापशाचा बोर तर साठ मीटर खोल, कातळातला."

"तुंब्यातली माती वाळून भेगाळली, भावजी, तर पानी ठिबकत न्हाई. मिठाला न शिवता सरळ खाली पळतं. तुमच्या खड्ड्याच्या बुडाला काय हाय?"

"कातळ."

"सलग?"

मासिंगानं हाड फेकलं. खड्डा खणणाऱ्यानं तेव्हाच सांगितलं होतं, तळाशी हात जाईल एवढी चीर आहे. त्यानं बुजवू का विचारलं, तर खड्डा कधी भरू नये म्हणून मासिंगानंच नको म्हटलं होतं. आता तो म्हणाला, म्हातारपणी नाक सडलं की सगळ्या जगाला वास येतो.

पुढच्या गुरुवारी, भर दुपारी, ओटा धुणं चाललं असताना सेचेलेला तीन पोती मीठ घेऊन आली. सबंध हंगामाचं मीठ. धुणारे बघत राहिले. तिनं पोती एकेक करून खड्ड्यात उपडी केली. मीठ त्या काळपट लाल राड्यात बुडालं, बुडबुडे आले आणि बघता बघता खाली गेलं.

मग ती हापशापाशी जाऊन बसली. थोड्या थोड्या वेळानं घोट घ्यायची, जिभेवर फिरवायची, थुंकायची. दोनदा ओकली. चूळ भरायला तरी दुसरं पाणी कुठं होतं? शनिवारी ऊन चढता चढता तिनं घोट तोंडात घेतला आणि तो थुंकला नाही. डोळे मिटून तशीच बसली. मग वेंडोला म्हणाली, "गावाला बोलाव."

माणसांनी एकेक घोट चाखला. पाणी खारट होतं. वाळूतून गाळत यायला ज्याला महिने लागले असते, ते मीठ दोन दिवसांत धावत आलं होतं. मासिंगा आला तेव्हा सेचेलेलानं वाटी त्याच्यापुढं धरली.

"घ्या, भावजी. तुमच्याच खड्ड्यातलं हाय."

पाणी चांगलं आहे म्हणून त्यानंच चार वेळा सांगितलेलं. आता साऱ्या गावादेखत थुंकणार कसा? गिळलं. मान ताठ ठेवून म्हणाला, मीठ काय, कुठलंही असेल. आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत सकाळचं मटण हापशाच्या कट्ट्यावर आलं.

पुढचा बाजार भरला तेव्हा ओटा हापशाच्या खालच्या अंगाला, चांगला लांब हलला होता. जुन्या खड्ड्याची चीर चिकणमातीनं ठासून बुजवली गेली. वेंडोच्या पोराच्या अंगावर हळूहळू मांस चढलं.

पण मीठ कातळाच्या बारीक भेगांत मुरलं ते मुरलंच. पुढच्या पावसापर्यंत हापशाला खारट चव राहिली. बाया बादली भरताना तोंड वाकडं करून सेचेलेलाला शिव्या द्यायच्या, पाणी नासवलं म्हणायच्या. पाच वर्षं रक्त पाजणाऱ्याविरुद्ध कुणी ब्र काढला नाही. अध्यक्ष अजून तोच आहे. तिला त्या साली दुसऱ्या गावातून मीठ मागून आणावं लागलं. गावानं तिचं नाव 'खारी' ठेवलं, आणि ती गेली तरी तेच चालू आहे.

तुम्ही तेवढं करू नका. देवापुढं हात जोडाल तेव्हा तिला तिच्या आईबापानं ठेवलेल्या नावानं आठवा. सेचेलेला.