काज नसलेलं बटण

“हे बघ, इथेच आहे ना बटण? की मला भास होतोय?” स्क्रीनला जवळजवळ नाक टेकवत ताईने विचारलं.

धाकट्या भावाने वाकून पाहिलं. ‘अर्ज पाठवा’ असं निळं, ठसठशीत बटण तिथे होतं. “आहे की!”

“मग दाब बरं. मी दहा दिवस दाबतेय. चाळीस वर्षं लोकांच्या शर्टांना बटणं लावली, आणि हे एक मेलं दाबलं जात नाही. काल मुदतही संपली.”

मुदत होती डोळ्यांच्या इस्पितळातल्या नोंदणीची. ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अर्ज घ्यायचे ते फक्त वेबसाइटवरून, आणि पुढची यादी आठ महिन्यांनी. शिवणकामावर जगणाऱ्या बाईला आठ महिने म्हणजे काय, हे धाकट्याला कुणी सांगायला नको होतं. दर रविवारी तो यायचा तोच मुळी तिच्या आठवडाभराच्या सुया ओवून द्यायला. आपण बहिणीसाठी एवढं करतो, याचं त्याला कौतुकही होतं. स्वतःचंच.

“मला फोन का नाही केलास?”

“एवढ्याशा बटणासाठी? तू म्हणशील, हिला साधं काही जमत नाही. डोळेच फुटलेत माझे, दुसरं काय!”

त्याने माउस घेतला आणि बाण बटणावर नेला. एरवी बटणावर आला की बाणाचा हात होतो. इथे बाण बाणच राहिला. काय झालंय ते धाकट्याला लगेच कळलं.

कारण ही वेबसाइट त्यानेच तपासली होती. त्याची नोकरीच ती. ऑफिसातला प्रोग्राम कुठलीही वेबसाइट चाळीस नव्या-जुन्या ब्राउझरमध्ये आपणहून उघडायचा, एकेक बटण दाबून पाहायचा, आणि जमलं तर हिरवी ओळ दाखवायचा, नाहीतर लाल. गेल्या महिन्यात एकोणचाळीस ओळी हिरव्या आल्या. सगळ्यांत जुन्या ब्राउझरपुढे मात्र लाल: ‘बटणावर काहीतरी आड येत आहे.’ त्याने स्वतः पाहिलं, तर बटण चांगलं ढळढळीत दिसत होतं. शुक्रवार होता, संध्याकाळी काम सोपवायचं होतं. शिवाय इतकं जुनं वापरतं कोण? त्याने प्रोग्राममध्ये एकच शब्द घातला, ‘फोर्स’. म्हणजे मध्ये काही का येईना, जबरदस्तीने दाब. प्रोग्रामने दाबलं आणि ओळ हिरवी झाली. दृष्टीआड सृष्टी.

बटणावर एका सूचनेच्या चौकटीची रिकामी कड आली होती, काचेसारखी आरपार दिसणारी. तिच्यातून प्रोग्राम घुसू शकतो, माणसाचं बोट नाही. हे धाकट्याला ठाऊक नव्हतं थोडंच!

आणि वापरतं कोण, याचं उत्तर शेजारी बसलं होतं. हा कॉम्प्युटरही त्याचाच. नवा घेतला तेव्हा जुना ताईच्या गळ्यात मारलेला.

“काय रे, जमतंय?”

“नेट... नेट स्लो असेल,” तो म्हणाला. तिच्याकडे पाहायची काही त्याची छाती झाली नाही. निमूटपणे त्याने बारा सुया ओवल्या आणि घर गाठलं.

सोमवारी त्याने तो शब्द काढला. ओळ लाल झाली. ती तशीच ठेवून त्याने टीमच्या प्रमुख बाईंना बोलावलं आणि सगळं कबूल केलं. बाईंनी कपाळाला हात लावला, मग इस्पितळाला फोन लावला. बटण दुपारपर्यंत दुरुस्त झालं, पण यादी काही पुन्हा उघडेना. इस्पितळाकडून आकडा तेवढा आला. त्या जुन्या ब्राउझरमधून सतरा जणांनी पान उघडलं होतं. अर्ज एकाचाही नव्हता. त्यातली एक ताई. बाकीचे सोळा कोण, कुठले, देव जाणे. धाकट्याला त्या आठवड्यात जेवण गोड लागलं नाही.

पुढच्या रविवारी त्याने दारातच सांगायला सुरुवात केली. “ताई, तुझे डोळे नव्हते गं. माझी चूक होती.” मग ‘फोर्स’सकट सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे मला बटण दिसत होतं, ते खरंच होतं?”

“हो.”

“आणि गेल्या रविवारी तुला कळलं होतं?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

“आठवडाभर मी स्वतःलाच शिव्या घातल्या रे,” ती म्हणाली.

त्याने सुयांची उशी पुढे ओढली. ताईने ती काढून घेतली. “राहू दे. आज मी ओवते.”

दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून ती खिडकीपाशी सरकली. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून. तिसऱ्या खेपेला टोकच पिंजलं. धाकट्याला राहवेना. त्याने तिच्या बोटांतली सुई ओढू पाहिली.

“ओढू नकोस,” ती शांतपणे म्हणाली. “जबरदस्तीने दोरा जात नसतो.”

तिने पिंजलेलं टोक कात्रीने कापलं आणि दोरा पुन्हा ओठांत धरला. धाकटा हात मांडीवर ठेवून बघत बसला. उशीवर अजून अकरा सुया होत्या.