बाईंचा आवाज माझ्यापाशी होता

मित्रांनो, घड्याळांच्या दुकानामागच्या खोलीत खिडकीशी जो जाडजूड काळा संगणक दिसतो ना, तो मीच. वय विचारू नका. दहा वर्षे झाली की माणसे आमच्याकडे बघून 'आता नवा घ्या' म्हणू लागतात, आणि मला तर बारावे लागले आहे.

कुठल्याशा कारखान्यात मला जोडले, पण ते दिवस आता धूसर झालेत. माझी खरी आठवण सुरू होते ती घड्याळजींच्या हातांपासून. माणूस घड्याळे दुरुस्त करणारा, त्यामुळे माझ्या पाठीमागची एकेक वायर त्यांनी नीट गुंडाळून बांधली. सुरुवातीला मला काम तरी काय होते? जुन्या घड्याळांचे फोटो सांभाळायचे, बस्स. शेजारी म्हणायचे, "काय चकाचक ठेवलाय हो!" आणि मी आपला उगाच फुशारून जायचो.

मग घड्याळजींच्या पत्नीला घशाचा आजार झाला. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणे. डॉक्टरांनी सांगितले, स्वरयंत्र काढावे लागेल, आवाज परत येणार नाही. शस्त्रक्रियेला तीन आठवडे होते. बाई रोज माझ्यासमोर बसल्या आणि वहीत लिहून आणलेली वाक्ये माईकमध्ये वाचत गेल्या. 'मला पाणी हवे आहे.' 'काळजी करू नका.' 'आपली आभारी आहे.' हाडाच्या शिक्षिका त्या, एकही शब्द अर्धवट सोडला नाही. बाराशे वाक्ये झाली. शस्त्रक्रियेनंतर बाई पडद्यावरचे वाक्य निवडायच्या आणि मी त्यांच्याच आवाजात बोलायचो. भाजीवाली दारात आली तरी मीच बोलायचो! माझ्याइतका भाग्यवान डबा त्या गल्लीत दुसरा नव्हता.

घड्याळजी कमालीचे काटेकोर. दर रविवारी सकाळी कपाटातली डिस्क काढायची, मला जोडायची, सगळ्याची नक्कल करायची आणि डिस्क पुन्हा कपाटात ठेवायची. एकही रविवार चुकला नाही.

एका मंगळवारी दुपारी मात्र घात झाला. घड्याळजी एका जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगची वाट पाहत होते. तेवढ्यात मेल आला की तुमचे पार्सल अडकले आहे, सोबतची फाईल उघडा. त्यांनी उघडली. काहीच दिसले नाही, तेव्हा ते खांदे उडवून दुकानात निघून गेले. इकडे माझ्या आत कोणीतरी शिरले होते. ते एकेक फाईल उचलत होते, तिला कुलूप घालत होते आणि तिच्या नावाला भलतेच शेपूट जोडत होते. माझा पंखा घरघरू लागला. आम्हांला ओरडता येते ते एवढेच.

थोड्या वेळाने बाई आल्या. त्यांनी 'खिडकी उघडता का?' हे वाक्य निवडले. मी गप्प. दुसरे निवडले. तरी मी गप्प. त्यांचा चेहरा उतरला. जोरजोरात टाळ्या वाजवून त्यांनी घड्याळजींना बोलावले.

"अगं, घाबरतेस काय! नक्कल आहे की आपल्याकडे," ते म्हणाले आणि लगबगीने कपाटातली डिस्क आणून त्यांनी मला जोडली. मित्रांनो, मला हात असते तर ती वायर मी तिथल्या तिथे उपटली असती! चोर अजून घरातच होता, आणि त्यांनी दुसरी तिजोरी त्याच्यापुढे आणून ठेवली. दहा मिनिटांत त्या फाइलींनाही शेपटे फुटली. मग पडद्यावर लाल चौकट उमटली. कुलपांची किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा, असे तिच्यात लिहिले होते.

संगणक दुरुस्त करणारी चष्मेवाली आली. तिने आधी नेटची वायर काढली, मग डिस्क काढली.

"पैसे भरून टाकू का?" घड्याळजींनी विचारले.

"नका भरू काका. भरूनही किल्ली मिळेलच असं नाही. चोराला मी हाकलते, पण त्यानं लावलेली कुलपं मला उघडता येणार नाहीत. या जातीच्या कुलपांची किल्ली अजून कुणालाच सापडलेली नाही. बंद फाइली जपून ठेवू, पुढेमागे सापडली तर बघू."

त्या फाइली तिने वेगळ्या काढल्या, मला पार पुसून काढले आणि सगळे नव्याने बसवले. मी शुद्धीवर आलो तेव्हा ठणठणीत होतो, पण बाईंचे एकही वाक्य माझ्यात उरले नव्हते. मला फार फार वाईट वाटले.

"माझ्याच हातानं घालवला गं तुझा आवाज," घड्याळजी म्हणाले. बाईंनी कागदावर लिहिले, 'जेवून घ्या आधी.'

पुढे आठ दिवस मला कोणी सुरूसुद्धा केले नाही. माझ्यावर धूळ बसली. नवव्या दिवशी बाईंची धाकटी बहीण हातात फोन घेऊन धावतपळत आली.

"ताई, तू मला फोनवर बोलून पाठवलेले जुने निरोप मी कधी पुसलेच नाहीत गं!"

एकशे सात निरोप निघाले. चष्मेवालीने ते माझ्यात भरले आणि एक नक्कल करून बहिणीच्या घरी ठेवायला दिली. त्यांत वहीतले एकही वाक्य नव्हते. पाठीमागे भांडी वाजत होती, मध्येच बाई खळखळून हसत होत्या, आणि निम्म्याहून अधिक निरोपांत नवऱ्याच्या तक्रारी होत्या.

मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. अनोळखी फाईल उघडण्याआधी घरात कोणाला तरी विचारा. मोलाच्या गोष्टींची एक नक्कल दूर, दुसऱ्या घरी असू द्या. आणि आमचे काही बिनसलेसे वाटले तर आधी नेट तोडा, जाणत्याला बोलवा, पण तोवर ती नक्कल आम्हांला जोडू नका. आम्हांला वाचवायच्या घाईतच खरे नुकसान होते.

त्या संध्याकाळी घड्याळजी मान खाली घालून खोलीत आले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि एक निरोप निवडला. मी बोललो, "अगं, आमच्या ह्यांचं काय सांगू तुला! तीनदा हाका मारल्या जेवायला, पण ह्यांचं डोकं घड्याळात! ऐकतील तर शपथ!"

घड्याळजी खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. "ऐकतोय मी."