धापा टाकत बघायची दुर्बीण

नॉटबुर्गाच्या नावावर यंदाही एका डोंगरबकरीच्या शिकारीचा परवाना होता आणि तो पुतण्याला देऊन टाक म्हणून तिचा नवरा, कास्सियान, महिनाभर तिच्या मागे लागला होता. कारण काय, तर मागच्या शरदातली फजिती. पिल्लू असलेल्या मादीवर त्यांच्या खोऱ्यात कुणी गोळी झाडत नाही. त्या दिवशी चढून चढून नॉटबुर्गाला धाप लागलेली, वडिलांची ती धोंड्यासारखी जड दुर्बीण हातात नुसती थरथरत होती, म्हणून तिने कास्सियानला बघायला सांगितलं. तो म्हणाला, मागे पिल्लू बसलंय. तिने बंदूक खाली घेतली. मादी निघून गेली, पिल्लू मात्र तिथेच. जवळ जाऊन बघतात तर दगड! बंदूक तिची, म्हणून गावभर हसं झालं तेही तिचंच.

शेवटी ठरलं की हलकी दुर्बीण मिळाली तर ती जाणार, नाहीतर परवाना पुतण्याला. म्हणून दोघं इन्सब्रुकला आली, चष्मे आणि दुर्बिणी विकणाऱ्या दुकानात.

दुकानदार मोठा गोडबोल्या. त्याने मुठीत मावेल अशी दुर्बीण पुढे केली, खिशात ठेवली तरी कळणार नाही म्हणाला. दुकानात उभं राहून चित्र झकास दिसत होतं. पण दुकानात काय, कुणालाही दिसेल! नॉटबुर्गाने ती आणि तिच्याहून जराशी मोठी अशा दोन मागून घेतल्या, जुनी जड दुर्बीण कास्सियानच्या गळ्यात अडकवली, अनामत म्हणून त्यालाच दुकानदाराला दिसेल असं समोरच्या खाणावळीच्या अंगणात बसवलं आणि तडक चर्चचा मनोरा चढायला लागली. शिकारी बघतो तो धापा टाकतच बघतो, मग परीक्षाही तशीच व्हायला हवी.

वर पोचली तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. मुठीतल्या दुर्बिणीतून अख्खं शहर नाचायला लागलं आणि डोळा जरा हलला की सगळा काळोख. दुसरी मात्र हाताला हलकी आणि डोळ्याला स्थिर. पलीकडच्या छपराखालच्या सावलीतलं कबूतर तिला पिसांसकट दिसलं. ती हरखली. मग सहज खाली अंगणात बघितलं.

कास्सियान जड दुर्बीण टेबलावर कोपरं टेकून, अगदी स्थिर धरून बघत होता आणि हसून हसून हात हलवत होता. पण तिच्याकडे नव्हे, शेजारच्या इमारतीवर फडफडणाऱ्या लाल निशाणाकडे.

असं होय! आधी तिला संताप आला. मग त्याचा तो लाडिक हात बघून हसू आलं, आणि मागोमाग वाईटही वाटलं.

ती खाली आली तर हा खुशीत. "दिसलीस बरं मला. लाल रुमाल काय हलवत होतीस!"

तिने त्याचा दंड धरला आणि त्याला दुकानात आणलं. "ही दुसरी बांधून द्या," ती दुकानदाराला म्हणाली, "आणि ह्याचे डोळे तपासा."

कास्सियानचा चेहरा उतरला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुला तो दगड आठवला ना?"

"आठवला. चष्मा घालून शिकारीला ये माझ्याबरोबर, पिशवी तूच उचलायचीस. आणि त्याआधी गावात जाऊन सांग, दगडाला पिल्लू कुणी म्हटलं ते."

"सगळ्यांना?"

"पुतण्यापासून सुरुवात कर."