थांबवलेला लंबक

मित्रांनो, मी एक जुना लंबक आहे आणि माझी गोष्ट मला नीट सांगता येणार नाही. यात लबाडी नाही, माझी घडणच तशी आहे. माणसांचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. माझं स्वतःचं हलणं मात्र हलून झालं की पुसलं जातं. तरी जेवढं हाताशी आहे तेवढं सांगतो.

घड्याळातला लंबक तुम्ही पाहिला असेल. तो शहाणा असतो. डावीकडे जातो, उजवीकडे जातो, आणि कधीही बघा, पुढच्या क्षणी तो कुठे असेल ते तुम्हाला सांगता येतं. मी तसा नाही. मला दोन पोलादी पट्ट्या आहेत. वरची पट्टी एका उभ्या फळीवर लटकते आणि तिच्या टोकाला दुसरी लटकते, खांद्याखाली दंड आणि कोपराखाली हात असावा तशी. दोन्ही सांध्यांत बेअरिंग आहेत. मला बाजूला उचलून सोडलं की वरची पट्टी खाली येते, खालची तिला ओढते, ती हिला फेकते, आणि मग काही खरं नाही. खालची पट्टी गरगर फिरते. मध्येच उभीच्या उभी थबकते, जिना चढताना एखाद्याला काहीतरी आठवावं आणि त्याने पायरीवरच थांबावं तशी. मग कोणत्या बाजूला कोसळेल ते तिचं तिलाही ठाऊक नसतं.

मला एका शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी बनवलं. पट्ट्या त्यांनी मोडीतून निवडून आणल्या. बेअरिंग रॉकेलने धुऊन बसवून दिले त्यांच्या मित्राने, लेथवाल्या काकांनी. काम झाल्यावर काकांनी मला फिरवून बघितलं आणि विचारलं, "सर, हे यंत्र करतं काय?"

"काहीच नाही."

"मग बरंय. बिघडलं तरी कळायचं नाही."

खरं तर आम्ही दोघे होतो. माझ्यासारखाच, त्याच मापाचा माझा एक जुळा भाऊ सरांनी शेजारच्या फळीवर लावला होता. खडूने एकावर १ लिहिलं होतं, दुसऱ्यावर २. सर आम्हा दोघांना एकाच उंचीवरून एकदम सोडायचे आणि मुलं मोठ्याने आकडे मोजायची. दहापर्यंत आम्ही एकमेकांची सावली असल्यासारखे हलायचो. अकरा-बाराच्या सुमाराला एकाचा हात किंचित मागे राहायचा. वीसपर्यंत आमचा एकमेकांशी काही संबंध उरायचा नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणायचं, "सर, भांडले हे!"

दुसरा खेळ मात्र मुलांना जरा घाबरवायचा. सर सगळ्या वर्गाला बाहेर काढायचे. माझ्यामागच्या फळीवर अंशांच्या खुणा रंगवलेल्या होत्या. त्यातली एक निवडून मला तिथून सोडायचे, मिनिटभर थांबायचे आणि मुलांना आत बोलवायचे. "सांगा, कुठून सोडला?" मुलं माझ्याकडे टक लावून बघायची, वहीत आकडेमोड करायची, हुशार मुलं तर हटूनच बसायची. बरोबर उत्तर आलं तर ते नशिबानेच. मग सर हळूच म्हणायचे, "सगळं तुमच्या डोळ्यांसमोर आहे. काहीही लपवलेलं नाही. तरी सांगता येत नाही."

सरांची मुलगी त्याच शाळेत होती. शाळा सुटली की वडिलांचं काम उरकेपर्यंत ती प्रयोगशाळेत वाचत बसायची. पुस्तकं कुरतडते म्हणून सर तिला वाळवी म्हणायचे. एकदा ही वाळवी चालता चालता वाचत माझ्याजवळून गेली आणि माझी खालची पट्टी तिच्या भुवईवर बसली. दोन टाके पडले. त्याच संध्याकाळी सरांनी माझ्या फळीवर पांढऱ्या रंगात लिहिलं, 'जवळून जाण्याआधी थांबवा.' पुढे ती अक्षरं वाचायची गरजही कोणाला राहिली नाही. हात आपोआप पुढे यायचा, पट्टी धरायचा, मग पाय पुढे पडायचा. मुलीचा तर सगळ्यांच्या आधी.

दिवस पालटले. नव्या मुख्याध्यापकांना प्रयोगशाळेत जागा हवी होती. "ही खेळणी हलवा," असं ते म्हणाले आणि आम्ही तळघरात गेलो. तिथे ओल होती. खडूचे आकडे कधी गेले कळलं नाही. सर निवृत्त झाले तेव्हा आम्हाला शोधत खाली आले, तर तिथे एकच होता. दुसरा भंगारात गेला होता. शिपाई म्हणाला, "सर, दोन्ही सारखेच होते की हो." त्याचं बरोबर होतं. मित्रांनो, मी एक नंबरचा की दोन नंबरचा, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित ही गोष्ट सांगायची होती ती त्याने, आणि भंगारात जायचं होतं ते मी.

सरांनी मला घरी आणलं. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. माझ्या फळीला दाराजवळच जागा मिळाली. आत जायची वाट माझ्या समोरूनच होती, त्यामुळे तो जुना नियम घरातही लागू झाला. घरात बाप आणि लेक, दोघंच. रोज संध्याकाळी ती कामावरून आली की सर मला सोडायचे आणि हाक मारायचे, "वाळवी, बघ बघ, आज कसा वेडा झालाय!" ती पिशवीही न ठेवता बघायची. आधी आवडीने, मग सवयीने, आणि पुढे पुढे मनात नसताना.

आता त्या संध्याकाळचं सांगतो.

हलत असताना मला खोली दिसत नाही. खोलीच्या रंगांच्या पट्ट्या होतात आणि त्या माझ्याभोवती फिरतात. ऐकू येतं, पण त्या संध्याकाळी सर काही बोलले नाहीत. काहीतरी पडल्याचा आवाज माझ्यापाशी आहे. पण तसे आवाज माझ्यापाशी पुष्कळ आहेत. पुस्तक पडल्याचा, कपाटाचं दार आपटल्याचा, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा. त्यातला तो कुठला, ते कळत नाही. मला नक्की आठवतं ते एका तळहातापासून. पट्टीवर कोणाचा तरी हात आला, खोली जागच्या जागी उभी राहिली, आणि मला दिसलं की हात मुलीचा आहे, आणि खुर्ची आणि कपाटाच्या मध्ये सर पडले आहेत.

तिने आधी मला थांबवलं होतं. सर दिसत असूनही. जवळून जाण्याआधी थांबवा. मग ती धावली.

डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं ते असं: "झटकन गेले असतील, तर शेजारी कोणी असतं तरी उपयोग नव्हता. सात-आठ मिनिटं पडून असतील, तर मात्र लवकर कळलं असतं तर काही करता आलं असतं."

"यातलं काय झालं?"

"तेवढं नेमकं नाही सांगता येत."

पंधरा दिवस गेले. मग एका दुपारी लेथवाले काका भेटायला आले. सरांची धाकटी बहीण, म्हणजे मुलीची आत्या, तेव्हा तिच्यासोबत राहायला आली होती. मुलीने काकांना चहा दिला आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, "काका, मी त्या दिवशी वेळेवरच आले होते. पण दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या खिडकीत बसले. पुस्तकाची शेवटची अकरा पानं राहिली होती. वर गेले असते तर बाबांनी लंबक दाखवला असता."

काकांनी कप खाली ठेवला.

"वर आले तेव्हा हा हलत होता," ती म्हणाली. "एकदा सोडला की किती वेळ चालतो?"

"उंचावरून सोडला तर नऊ मिनिटं. सरांनीच मोजलं होतं. तू शिरलीस तेव्हा कसा होता?"

"खालची पट्टी वरून फिरून आली. असं वाटतं." तिने हवेत हात फिरवून दाखवला.

"वाटतं?" काका जरा पुढे सरकले. "पुरी फेरी घेतली असेल, तर नुकताच सोडलेला असणार. मिनिट, दोन मिनिटं. नुसता झुलत असेल, तर बराच वेळ झालेला. पण पोरी, हातानं सोडला, का पडताना सरांचा खांदा लागला? खांदा लागला असेल तर हिशोबच वेगळा."

"थांबवायला नको होता. चालू दिला असता, तर किती वेळ उरला होता ते कळलं असतं. त्यावरून मागे मोजता आलं असतं."

"आणि तू मोजत उभी राहिली असतीस? बाप खाली पडलेला असताना?"

एक मिनिट की आठ मिनिटं, एवढंच तिला हवं होतं. आणि ते माझ्यात होतं, मित्रांनो. तिचा हात लागेपर्यंत ते माझ्यात कुठेतरी होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. ती खाली जायची आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून तेच पुस्तक उघडायची. तीच अकरा पानं वाचायची. इकडे आत्याने सरांच्या खुर्चीत बसायचं, मनाला येईल तेव्हा उठून मला सोडायचं आणि वेळ लिहून ठेवायची. मग जिन्यात पावलं वाजायची, कुलूप उघडायचं, मुलगी दारात उभी राहायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "तीन मिनिटं." आत्या कागद बघायची. "सात." पुन्हा. "सहा." "दीड." पुन्हा.

"मी काय चावी फिरवायला ठेवलेली बाई आहे का गं?" आत्या कुरकुरायची. "गुडघे गेले माझे उठून बसून."

"आज शेवटचं, आत्या."

"हे तू गेल्या मंगळवारी म्हणालीस."

मित्रांनो, मला तेव्हा एक चमत्कारिक भीती वाटू लागली. कुलूप उघडल्याचा आवाज आला की वाटायचं, ही तीच संध्याकाळ आहे. खुर्चीजवळ कोणी उभं असेल तर ते सर असतील. प्रत्येक वेळी तोच हात, तीच पट्टी, तोच क्षणभर थबकलेला चेहरा. चाळीसएक वेळा ती त्या दारातून आत आली. त्या सगळ्यांच्या आधी एकदा खरोखर आली होती. ती वेळ या चाळिसांच्या खाली कुठेतरी दबत चालली होती आणि ते आम्हा तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात येत नव्हतं.

आलं ते आत्याच्या.

"खालची पट्टी डावीकडून वर गेली होती," त्या दिवशी मला धरून थांबवत दारातूनच मुलगी म्हणाली. "आता नक्की आठवलं. खिडकीच्या बाजूला."

"काकांना सांगितलंस तेव्हा हात उजवीकडे फिरवून दाखवला होतास," आत्या म्हणाली.

"नाही."

"माझ्यासमोर दाखवलास. कपाटाच्या बाजूला."

मुलगी उभीच राहिली. तिचा एक हात वर आला, हवेत उजवीकडे फिरला, मग डावीकडे. मग मध्येच थांबला. थबकल्यावर माझी पट्टी उभी राहते, अगदी तसा.

"आत्या, मला दिसतंय ते त्या दिवशीचं आहे का कालचं?"

आत्याने वेळेचा कागद दुमडून ठेवला.

"आत्या, माझ्याकडे तेवढंच होतं गं. ते मीच पुसलं." ती भिंतीला टेकून खाली बसली. सर गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली, फार आवाज न करता.

आत्या गुडघ्यावर हात देत उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. थोपटलं वगैरे नाही. आत्याचा तो स्वभाव नव्हता.

"तुला उशीर झाला का नाही, ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "आता कोणालाच कळायचं नाही, आणि तू जन्मभर जिना चढलीस तरी कळायचं नाही. पण मला एक सांग. दादाने हे हलवलं. हाताने हलवलं का पडताना खांद्याने, ते राहू दे. हलवलं त्याने. नंतर खोलीत कोणी आलं?"

"नाही."

"आणि धरलंस तू. हाताला काय लागलं तेव्हा?"

"झटका. बारीकसा."

"मग दादाने दिलेलं जेवढं उरलं होतं, ते तुझ्या हातात थांबलं. दुसऱ्या कोणाच्या नाही."

मुलीने तळहात उघडून बघितला. नुसता तळहात होता. मग तिची मान झटक्यात वर झाली. "पण झटका बारीक होता का मोठा, त्यावरून..."

"पुरे," आत्या म्हणाली.

आणि ते तिथे पुरे झालं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मुलीने माझ्या सांध्यांवरची धूळ पुसली, बेअरिंगमध्ये तेलाचा एक थेंब सोडला, मला वर उचललं आणि सोडलं. मग ती सरांच्या खुर्चीत जाऊन बसली. घड्याळाकडे तिने पाहिलं नाही, मला थांबवायलाही उठली नाही. त्या घरात माझं मी थांबायची माझी ती पहिलीच वेळ. खोलीच्या फिरणाऱ्या पट्ट्या हळूहळू रुंद झाल्या, त्यांची खिडकी झाली, कपाट झालं, खुर्चीतली मुलगी झाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुठूनही सोडलं, कोणीही सोडलं, तरी शेवटी मी असाच सरळ खाली लटकलेला असतो. माझ्यात शिरायचे रस्ते हजार आहेत आणि बाहेर पडायचा एकच.

तेव्हा मित्रांनो, एखादी वस्तू गप्प लटकलेली दिसली, तर तिथे काही घडलंच नाही असं लगेच धरून चालू नका. आणि ती हलत असेल, तर थांबवण्याआधी एक क्षण तिच्याकडे बघा. तो क्षण पुन्हा मागून मिळत नाही. माझ्यासारखं कोणी तुमच्याकडे असेल, तर त्याला ओलीत ठेवू नका, त्याच्या सांध्यांत धूळ साचू देऊ नका. थांबवायची वेळ आलीच, तर काठी आडवी घालू नका. हाताने धरा. माझ्यात उरलेलं असतं ते कुठेतरी जाणारच. ते कोणाच्या तरी तळहातात गेलेलं बरं.