डावा पाय वर

चहाचा कप उचलताना धनेशला सुट्या भागांच्या ट्रेमध्ये, नट गळू नये म्हणून घालायची नवी स्प्लिट पिन दिसली आणि त्याने कप तसाच खाली ठेवला.

अर्ध्या तासापूर्वी सुशांत कोलशेतच्या या गॅरेजमधून वडिलांची पंचाहत्तर सालची मोटारसायकल घेऊन निघाला होता. मागे बायको, संचिता. शीळफाट्यावरून डोंबिवलीला घरी. मागचं चाक धनेशनेच बसवलं होतं. ब्रेकची पाटी चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला धरून ठेवणारी एक पट्टी असते. तिचा नट त्याने हातानेच लावला, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. नट आवळायचा आणि त्यात ही पिन घालायची राहिली. आता तो गळाला, तर ब्रेक दाबताच चाक जाम. तेही वाटेतल्या बायपासच्या उतारावर, मागे कंटेनर.

सुशांत फोन उचलेना. धनेशने स्कूटर काढली, पण कळव्याच्या पुढे ट्रॅफिक जागचं हलेना. गाडीचे फोटो संचिताने पाठवले होते, म्हणून तिचा नंबर होता. चौथ्यांदा लावल्यावर तिने उचलला.

"वहिनी, मागचा ब्रेक मारू नका म्हणावं."

"काय? ब्रेक मारू?"

"नाही, नाही."

"ऐकू येत नाहीये. अहो, धनेशभाऊ ब्रेक मारा म्हणतायत," ती सुशांतला ओरडून सांगत होती.

ब्रेक हा शब्दच आता तोंडातून काढायचा नव्हता. त्या जुन्या गाडीचा ब्रेक डाव्या पायाला होता.

"डावा पाय वर," तो घसा फोडून ओरडला. "डावा पाय उचला. डावा पाय."

पलीकडे नुसता वारा. मग ट्रकचा लांबलचक हॉर्न, आणि फोन कट.

पुढची पंचवीस मिनिटं तो रस्त्याकडेला जमलेला प्रत्येक घोळका बघत गेला. उतार संपता संपता पंक्चरच्या टपरीशी ती गाडी उभी दिसली. शेजारी दगडावर संचिता बसली होती.

"ब्रेक दाबला तसं चाक घसरलं," सुशांत म्हणाला. "हिने माझा डावा गुडघा वर ओढला. मग गिअर पाडत, पुढच्या ब्रेकवर थांबवली."

धनेश खाली बसला. नट नव्हता. बोल्ट अर्धा बाहेर आला होता, पट्टी टोकावर लटकत होती.

"नट कसा गेला?" सुशांतने विचारलं.

जुन्या गाड्यांचे नट हादऱ्याने गळतातच, असं म्हटलं असतं तर सुशांतला पटलं असतं.

"मी आवळलाच नव्हता," धनेश म्हणाला. "पिनही राहिली."

सुशांतने टेम्पो बोलावला. "गाडी पुन्हा तुमच्याकडे येणार नाही."

"बरोबर आहे," धनेश म्हणाला, आणि गाडी चढवायला त्याने हात लावला.

गॅरेजवर दोन गाड्या तयार होऊन उभ्या होत्या. धनेशने दोन्ही गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून कळवलं, पहिली गाडी स्टँडवर घेतली आणि तिचं मागचं चाक पुन्हा खोलायला बसला.