मागची सीट

लहानू मिस्त्रीने बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात टेकवून अँबॅसिडर खाली दाबली आणि पटकन हात काढून घेतले. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"मोज नानाजी."

"तीन... चार. मंग? झोक्यासारखी चालते माही गाडी. सारं लकडगंज म्हणते."

"झोका घरात पाहिजे गा! दाबून सोडली का गाडीनं एकदा वर येऊन गुमान बसलं पाहिजे." लहानूने गाडीखाली हात घातला आणि काळं, तेलकट बोट नानाजींपुढे धरलं. "पाह्य, तेल गळून राहिलं. दणके झेलणारे शॉकअप गेले तुहे."

नानाजींना ते पटेना. साठ साली घेतलेली गाडी चौदा वर्षं त्यांनी एकट्याने चालवली होती. लकडगंजातल्या निम्म्या नवऱ्या तिच्यात बसून सासरी गेल्या होत्या. झुलली असती तर त्यांना कळलं नसतं?

पण काल सावनेरहून लेकीचं, प्रेमिलाचं पत्र आलं होतं. पहिलं बाळंतपण, माहेरी यायचं होतं. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई मोठ्याने वाचत होत्या, 'बाबांना न्यायला पाठवू नको. त्यांच्या गाडीत मला फार मळमळतं. मी सासूबाईंबरोबर एस्टीनं येईन. बाबांना हे सांगू नको, त्यांना वाईट वाटेल.' शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. नानाजी अर्ध्या जेवणावरून उठले होते.

"लहानू, मले काहून नाही समजलं मंग?"

"एका दिवसात थोडीच जाते थे. हळूहळू जाते. अन् स्टेअरिंग तुह्या हातात. खड्डा दिसला का आंग पयलेच सावध होते. मागच्याले कोण सांगते?" लहानूने मागचं दार उघडलं. "तू मागच्या सीटवर कधी बसला?"

नानाजींनी बराच वेळ आठवून पाहिलं. ती सीट त्यांनी रोज पुसली होती, तिच्यावर पांढरं कव्हर चढवलं होतं, लग्नात फुलांच्या माळा लावल्या होत्या. बसले मात्र एकदाही नव्हते.

"चाल, बस," लहानू म्हणाला आणि स्वतः स्टेअरिंगवर बसला.

रेल्वे फाटकाचे रूळ ओलांडताच नानाजींचं डोकं टपाला लागलं. रूळ मागे पडले तरी सीट खालीवर होतच राहिली. वळणावर ते दाराला जाऊन चिकटले. ब्रेक लागला तशी गाडीने नाकच खाली घातलं आणि पोटातला चहा गळ्याशी आला.

"थांबव गा! थांबव!"

रस्त्याकडेच्या दगडावर ते डोकं धरून बसले. लहानू पोट धरून हसत होता. जरा वेळाने नानाजींनाही हसू फुटलं.

"इतक्या पोरी रडत गेल्या माह्या गाडीत. मले वाटे, माहेरासाठी रडून राहिल्या!"

दोघांना हसू आवरेना. मग नानाजींनी वळून मागच्या सीटकडे पाहिलं.

"प्रेमिलाही ह्याच गाडीत गेली. सावनेरपर्यंत तोंडाले पदर लावून होती. मी आरशात पाहून म्हणत होतो, हिंमत ठेव बाई."

लहानूने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेलाचा डाग सदऱ्यावर उमटला. नानाजींनी तो झटकला नाही.

चारही शॉकअप नवे बसले. त्यानंतर नानाजी पुन्हा मागे बसले, फाटकावरून दोनदा जाऊन आले आणि मगच सावनेरला निघाले.

प्रेमिला दारातच अवघडली. "बाबा, मी तर एस्टीनं..."

"तुह्यं बरोबर होतं. मी मागं बसून पाह्यलं."

"तुम्ही? मागं?"

"लहानूनं चालवली. उलटी होता होता राहिली माही."

प्रेमिला खळखळून हसली. तिच्या सासूबाई, रंभाबाई, पदराआड हसल्या आणि त्यांनी डिकीत संत्र्यांची टोपली ठेवली. "जाय बेटा, बापाच्या गाडीनंच जाय."

गाडी हळू चालली होती. प्रत्येक खड्ड्यानंतर नानाजी विचारत, "मळमळते का वं?"

"नाही बाबा."

"आता?"

"नाही ना बाबा!"

चौथ्यांदा उत्तर आलं नाही. घाबरून त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि मागे वळले. प्रेमिला एक हात पोटावर ठेवून गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं होतं, लहानपणी असायचं तसं.

लकडगंजात घरासमोर गाडी उभी राहिली तेव्हा ऊन उतरलं होतं. मनकर्णाबाई ओवाळायला भाकरतुकडा घेऊन धावत आल्या. नानाजींनी इंजिन बंद केलं आणि खिडकीतून 'थांब' असा नुसता हात वर केला. मनकर्णाबाईंनी मागच्या काचेतून आत डोकावून झोपलेली लेक पाहिली, आणि त्या भाकरतुकडा मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. नानाजी स्टेअरिंगवरून हलले नाहीत.